पावसाळी हवेत घरातली फायरप्लेस आणि धुराडं कसं सांभाळायचं

पाऊस लागला की फायरप्लेसपाशी ओल्या राखेचा, डांबरासारखा कुबट वास यायला लागतो, धुराचा मार्ग उघडबंद करणारी लोखंडी झडप उघडताना करकरते आणि हातावर तांबूस पूड पडते, नाहीतर धुराड्याच्या बाजूच्या छतावर चहाच्या डागासारखा पिवळट डाग हळूहळू पसरायला लागतो. यातलं काहीही दिसलं तर बहुतेक वरून पाणी आत येतंय असं समजा, आणि ते आपोआप थांबत नाही. मी बरीच वर्षं अशाच सतत पाऊस पडणाऱ्या हवेत विटांचं जुनं धुराडं सांभाळतोय आणि माझा अनुभव असा की जाळामुळे जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट जास्त पाण्यामुळे होतं, म्हणून खाली सगळं पाण्याच्या क्रमानेच लिहिलंय, म्हणजे वरून सुरुवात करून खाली.

कारण साधं आहे. घराच्या बाकी भिंतींना छपराची वळचण असते, धुराडं मात्र छपराच्या वर एकटं उभं असतं, चारी बाजूंनी झड खातं आणि वरती उघडं तोंड. वीट आणि दरजांमधला मसाला दोन्ही पाणी पितात. ते पाणी आत काजळीला भेटलं की आम्लधर्मी होतं, मग ते मसाला खातं, लोखंडी झडप खातं, धुराड्याच्या आतला, धूर वर नेणारा पाइप खराब करतं. थंडीत गोठण्याइतकं तापमान जात असेल तर अजून वाईट, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडवून लावतं.

दुरुस्तीच्या आधी गळती कुठून आहे ते शोधा, हे लोक करतच नाहीत, दिसेल तिथे सिलिकॉन फासतात आणि पुढच्या पावसात परत तेच. एक वही घ्या आणि दोन-तीन आठवडे नुसतं लिहून ठेवा, पाऊस सरळ होता का वाऱ्याचा, कुठल्या बाजूचा, आणि पाणी पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने आलं. सरळ पावसात लगेच फायरप्लेसच्या आत टपटप झाली तर दोष टोपीत, म्हणजे धुराड्याच्या तोंडावरच्या झाकणात, नाहीतर तिच्या खालच्या सिमेंटच्या स्लॅबमध्ये. फक्त एकाच बाजूच्या झडीत भिंत ओली होत असेल तर त्या बाजूच्या विटा किंवा दरजा. धुराडं छपराला जिथे टेकतं तिथे खाली छताला डाग असेल तर पत्र्याची सांधणी, म्हणजे फ्लॅशिंग. आणि पाऊस नसतानाही ओल येत असेल तर ती गळती नाहीच, आत धूर थंड होऊन वाफेचं पाणी होतंय, त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो लाकडाच्या भागात येईल.

वहीतून कळलं नाही तर उघडीप असताना पाइपने पाणी मारून बघता येतं. एक माणूस वर, एक आत टॉर्च घेऊन. नेहमी खालून सुरुवात करायची, आधी फ्लॅशिंगवर १०-१५ मिनिटं, मग विटांवर, मग स्लॅबवर, शेवटी टोपीवर. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. पाण्याचा जोर कमी ठेवा, पावसासारखा पडू दे. ओल्या छपरावर चढू नका हे मात्र मनापासून सांगतोय, शेवाळ धरलेली कौलं साबणासारखी असतात. वर जाणारा माणूस दोरी बांधलेला आणि सवयीचाच हवा. नुसती पाहणी असेल तर जमिनीवरून दुर्बिणीने किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून अर्ध्याहून जास्त गोष्टी दिसतात.

टोपीचं काम थोडक्यात सांगतो कारण ते खरंच सोपं आहे. टोपी नसेल तर पहिली ती बसवा, बाकी सगळं नंतर. स्टेनलेस स्टीलची घ्या, साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा ओल आणि काजळीत लवकर गंजतो. बाजूची जाळी खूप बारीक नको, १२ ते १५ मिमीची भोकं ठीक, त्याहून बारीक असली की काजळीने बुजते आणि धूर घरात येतो. टोपीचं छप्पर पाइपच्या तोंडाला चिकटून नको, चारी बाजूंची मोकळी जागा मिळून पाइपच्या तोंडापेक्षा जास्तच भरली पाहिजे. वर्षातून एकदा जाळी साफ करायची, पक्ष्यांची घरटी आणि पानं काढायची, स्क्रू घट्ट आहेत का बघायचं, बस.

आता टोपीच्या खालचा सिमेंटचा स्लॅब, ज्याला क्राउन म्हणतात. माझ्या मते सगळ्यात जास्त धुराडी इथेच मरतात, कारण बांधताना उरलेला मसाला वर थापून देतात आणि झालं क्राउन. मसाल्याचा पातळ थर दोन-तीन वर्षांत तडकतो. चांगल्या क्राउनला चार गोष्टी लागतात, काँक्रीटचा हवा, कडेला निदान ५० मिमी जाड, बाहेरच्या बाजूला ढाळ, आणि विटांच्या पुढे साधारण ५० मिमी आलेला आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या पोटाला एक खाच, म्हणजे पाणी तिथूनच खाली टपकतं, मागे वळून विटांवर येत नाही. अजून एक गोष्ट जी जवळजवळ कोणीच करत नाही, आतल्या मातीच्या पाइपला आणि स्लॅबला एकमेकांत घट्ट चिकटवायचं नाही. पाइप तापला की वाढतो, स्लॅब तेवढा वाढत नाही, मग स्लॅब फाटतो. मध्ये ६ ते १० मिमी फट ठेवायची, तिच्यात फोमची दोरी बसवायची आणि वरून जास्त उष्णता सोसणारं लवचिक सीलंट भरायचं.

तडा केसासारखा असेल तर स्लॅब ब्रशने नीट साफ करून, पूर्ण सुकवून त्यावर क्राउनसाठी मिळणारं रबरासारखं कोटिंग दोन हात द्यायचं. तडा नखाला लागण्याइतका रुंद असेल तर आधी ग्राइंडरने थोडा उघडून, धूळ काढून, सीलंट भरून मग कोटिंग. तुकडे हलत असतील किंवा खालची वीट दिसत असेल तर कोटिंगवर पैसे घालवू नका, फोडून नवीन ओतून घ्या. आणि हे सगळं तीन-चार दिवस कोरडे मिळणार असतील तेव्हाच काढा. ओल्या काँक्रीटवर कोटिंग मारलं की खाली पाणी कोंडतं आणि फुगे येऊन सोलून निघतं, मी हे दोनदा बघितलंय.

फ्लॅशिंगमध्ये दोन थर असतात हे लक्षात ठेवा. एक पायऱ्यापायऱ्यांचा पत्रा जो कौलांच्या प्रत्येक ओळीखाली जातो आणि विटेवर वर वळतो, आणि दुसरा त्याच्यावर झाकणारा पत्रा ज्याची वरची कड विटांच्या दरजेत साधारण २५ मिमी खोचलेली असते. दुसरा नसला आणि पत्रा नुसता विटेला डांबराने चिकटवला असेल तर तो गळणारच, आज नाही तर दोन पावसाळ्यांनी, कारण छप्पर आणि धुराडं वेगवेगळे हलतात. डांबर म्हणजे पाऊस सुरू असतानाची मलमपट्टी, उघडीप मिळाली की काढून नीट पत्रा बसवून घ्यायचा. धुराडं छपराच्या उताराच्या मधे असेल आणि ७५ सेंमीपेक्षा रुंद असेल तर त्याच्या वरच्या अंगाला छोटी दुपाखी उंचवटी हवी, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी दोन्हीकडे फुटून जातं. ती नसेल तर तिथे पानं आणि चिखल साठतो आणि त्या कायम ओल्या ढिगामुळे पत्रा गंजतो. निदान ती जागा दर दोन महिन्यांनी साफ करा.

विटा आणि दरजा हा खरा मोठा विषय. आधी बघायचं काय? किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दरजेवर ओढा, मसाला वाळूसारखा झडत असेल किंवा ५-६ मिमीपेक्षा आत गेला असेल तर दरजा भरायची वेळ झाली. विटेवर पांढरी पावडर दिसली म्हणजे लोणा लागलाय, तो स्वतः वाईट नाही पण पाणी विटेतून ये-जा करतंय आणि येताना क्षार घेऊन येतंय हे तो सांगतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. तोंडाचे पोपडे निघालेल्या विटा बदलायच्या, त्यावर सिमेंट फासून उपयोग नाही.

इथे माझी एक जखम आहे ती सांगतो. आमच्या धुराड्याच्या विटा जुन्या, मऊ, चुन्यात बांधलेल्या. एका कंत्राटदाराने सगळ्या दरजा कडक सिमेंटने भरून दिल्या, दिसायला एकदम झकास, मीही खूश होतो. तिसऱ्या वर्षी विटांची तोंडं गळून पडायला लागली आणि दरजा मात्र जाळीसारख्या पुढे उभ्या. कारण विटेत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला दरज हीच वाट असते, ती कडक सिमेंटने बंद केली की पाणी विटेतूनच बाहेर येतं आणि येताना वीट फोडतं. दरज नेहमी विटेपेक्षा मऊ हवी. दरज बिघडली तर परत भरता येते, वीट गेली की गेली. म्हणून खूप जुन्या मऊ विटांना चुन्याचाच मसाला, मधल्या काळातल्यांना १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग वाळू, आणि नव्या टणक विटांना १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू असं प्रमाण धरा. गवंडी म्हणाला की कशाला एवढं, सिमेंट पक्कं बसतं, तरी ऐकू नका.

भरायची पद्धत अशी. छिन्नी-हातोडीने जुना मसाला २० ते २५ मिमी खोल काढायचा, ग्राइंडर वापरलात तर फक्त दरजेच्या मधोमध, विटेची कड कापली गेली तर ती जागा कायम पाणी पिणार. धूळ ब्रशने काढा, मग दरज पाण्याने ओली करा पण पाणी साचलेलं नको, कोरडी वीट नव्या मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि मसाला भुसभुशीत होतो. मसाला थरांत भरायचा, एक थर ७-८ मिमीचा, तो अंगठ्याने दाबल्यावर ठसा राहील इतपत घट्ट झाला की दुसरा. शेवटी गोल सळीने किंवा दरज ओढायच्या हत्याराने आत वळलेला गोलावा द्यायचा, त्यावर पाणी थांबत नाही. मग वरून ओलं गोणपाट आणि त्यावर ताडपत्री, ऊन आणि पाऊस दोन्हीपासून वाचवायचं. सिमेंट असेल तर निदान तीन दिवस, चुना असेल तर आठवडाभर तरी ओलावा टिकवा. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर हे काम काढूच नका.

दरजा नीट झाल्या, महिनाभर सुकल्या, की मग पाणीरोधक. यात एकच गोष्ट बघायची, डब्यावर सिलेन किंवा सायलोक्सेन लिहिलेलं हवं आणि वाफ बाहेर जाऊ देणारं हवं. हे विटेच्या छिद्रांत शिरतं, वर थर बनवत नाही. रंग, वॉर्निश, चकाकणारं सीलर यातलं काहीही बाहेरून मारू नका, आतून येणारी वाफ मागे अडकते आणि परत तेच पोपडे. विटा निदान एक-दोन दिवस कोरड्या असाव्यात, खालून वर मारत जायचं. काही वर्षांनी विटेवर पाणी शिंपडून बघा, थेंब मोत्यासारखा घरंगळला तर ठीक, वीट काळी पडून पाणी प्यायली तर परत मारायची वेळ झाली.

आता आत या. झडप गंजली असेल तर तारेच्या ब्रशने घासा आणि बिजागरीला ग्रॅफाइटचं कोरडं वंगण द्या, तेल किंवा ग्रीस नको, ते धूर सोडतं आणि पेटू शकतं. झडप वाकून बसतच नसेल तर धुराड्याच्या अगदी वर बसणारी, साखळी किंवा केबलने खालून ओढायची झडप घेता येते, तिला सिलिकॉनची गास्केट असते आणि पावसाळी हवेत माझ्या मते हीच जास्त चांगली कारण बंद असताना ती झाकणासारखी पाणी आणि दमट हवा दोन्ही बाहेर ठेवते. झडपेच्या मागे एक सपाट कट्टा असतो, त्यावर काजळी, विटांचे कण आणि पावसाचं पाणी मिळून लगदा साठतो. वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. हात घालून काढा, हातमोजे आणि मास्क लावून.

जाळ असतो त्या पेटीतल्या दरजा साध्या सिमेंटने भरायच्या नाहीत, उष्णतेने ते तडकून पडतं. रिफ्रॅक्टरी, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा मसालाच लागतो आणि विटाही तशाच, फायरब्रिक, त्यांच्या दरजा बारीक असतात, ३ ते ६ मिमी. खरवडून, झाडून, किंचित ओलं करून भरा, डब्यावर लिहिलेले दिवस सुकू द्या आणि पहिले दोन-तीन जाळ अगदी छोटे करा. तोंडाच्या वरची लोखंडी पट्टी, लिंटेल, तीही बघा, ती गंजली की फुगते आणि वरच्या विटा उचलते. मागची भिंत हलत असेल, लिंटेल वाकली असेल किंवा आतल्या पाइपला तडे असतील तर स्वतः हात घालू नका, जाणकार माणसाकडून कॅमेरा घालून बघून घ्या.

काजळीबद्दल. धूर धुराड्यात साधारण १२० अंशांच्या खाली थंड झाला की त्यातलं डांबर भिंतीला चिकटतं, त्यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी ती भुसभुशीत काजळी असते, ब्रशने निघते. मग चमकदार कडक खपल्या. मग काचेसारखा काळा थर, तो ब्रशने निघत नाही, त्याला माणूसच बोलवावा लागतो, आणि हाच पेटला तर आत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. थर ३ मिमीचा झाला की साफ करायचं, ६ मिमीचा असेल तर साफ होईपर्यंत आग पेटवायचीच नाही. वर्षातून एकदा तपासणी तर हवीच, अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे धुराड्यांसाठीचं स्टँडर्डही तेच सांगतं, वापर कमी असला तरी, कारण पाऊस वापर बघून पडत नाही.

स्वतः साफ करणार असाल तर जाळ विझून निदान २४ तास होऊ दे. तोंडावर प्लॅस्टिक टेपने घट्ट लावा. मातीच्या पाइपला तारेचा ब्रश चालतो, स्टीलच्या पाइपला प्लॅस्टिकचाच, आणि मापाने पाइपइतकाच. काजळी बसायला तासभर द्या मगच प्लॅस्टिक काढा. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, इतकी बारीक काजळी त्याच्या फिल्टरमधून आरपार जाते आणि सगळ्या खोलीत बसते.

आणि हे सगळं करूनही लाकूड ओलं असेल तर पुढच्या महिन्यात परत तेवढीच काजळी. नुकत्याच तोडलेल्या १० किलो लाकडात ४-५ लिटर पाणी असू शकतं आणि ते सगळं वाफ होऊन धुराड्यातूनच जातं, वाटेत जाळाची उष्णताही खातं, म्हणून धुराडं थंड, म्हणून पाणी आणि डांबर दोन्ही भिंतीला. पाऊस नसताना येणारी ओल ती हीच. अगदी वाळलेलं लाकूड जाळलं तरी १ किलोमागे साधारण अर्धा किलो पाणी जळण्यातूनच तयार होतं, मग वर आणखी कशाला? ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. छोटं मीटर मिळतं, ते बाहेरच्या सालीवर लावू नका, ओंडका फोडून ताज्या तोंडावर लावा. पावसाळी हवेत सरपण वाळायला मऊ लाकडाला वर्ष आणि ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षं सहज लागतात, म्हणून आधी फोडायचं आणि मग रचायचं, जमिनीपासून वीतभर वर, डोक्यावर पत्रा, बाजू मात्र उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी धरते. जाळायच्या आठवडाभर आधी थोडं घरात आणून ठेवा, जाळापासून लांब. रंगवलेलं, औषध मारलेलं किंवा समुद्रातून वाहून आलेलं लाकूड जाळू नका, खारट लाकडाचा धूर स्टील तर खातोच पण विषारीही असतो.

दमट दिवसांत धुराड्यात थंड जड हवा बसलेली असते आणि पेटवल्या पेटवल्या धूर खोलीत येतो. आधी झडप उघडा, जवळची खिडकी बोटभर उघडा, स्वयंपाकघराचा पंखा बंद करा कारण तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि धूर खाली खेचतो. मग कागदाची पेटती गुंडाळी दोन मिनिटं झडपेजवळ धरा, हवा वर जायला लागली की जाणवतं. जाळ वरून पेटवा, मोठे ओंडके खाली, मधले वर, काटक्या आणि कागद सगळ्यात वर, धूर कमी होतो आणि धुराडं लवकर तापतं. तरी नेहमीच धूर येत असेल तर उंची मोजा, धुराडं छपरातून निघतं तिथपासून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत जे काही उंच आहे त्यापेक्षा २ फूट वर हवं. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. आणि धुराड्यातून घरघर, आगगाडी जाते तसा आवाज आला तर आत काजळी पेटलीये, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा, आत पाणी ओतू नका, तापलेला पाइप फुटतो. नंतर कॅमेऱ्याने तपासल्याशिवाय परत पेटवायचं नाही.

राख रोज काढायची गरज नाही, जाळ चालू असण्याच्या दिवसांत दोन-तीन सेंमी थर उलट चांगला. पण राखेत निखारे तीन-चार दिवसही जिवंत राहतात, म्हणून लोखंडी बादली, झाकण घट्ट, आणि बादली बाहेर दगडावर किंवा मातीवर, लाकडी फळ्यांवर नाही.

वापर बंद होणार असेल तेव्हा मात्र राख पूर्ण काढा, चिमूटभरही ठेवू नका. राखेतले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि जाळी, झडप, सगळं गंजवतात. धुराडं तेव्हाच झाडून घ्या, वापर परत सुरू व्हायची वाट बघू नका, नाहीतर काजळी सगळा पावसाळा ओल धरून बसते. झडप बंद करून आत एका ताटलीत खायचा सोडा किंवा कोळशाचे तुकडे ठेवा, वास बराच कमी होतो. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी झडप उघडून तासभर हवा खेळू द्या. आणि परत सुरू करताना पहिल्या दिवशी मोठा जाळ नको, महिनोन्महिने पाणी प्यायलेल्या विटा एकदम तापल्या की आतलं पाणी वाफ होऊन दरजा फोडतं, दोन-तीन दिवस चार काटक्या आणि एक छोटा ओंडका एवढ्यावरच ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावून मागची भिंत कोरडी लागते का बघा, लागली की मग नेहमीसारखा.